आई उडाली, आणि फोन सुरू झाले

आई ६८ वर्षांची. परवा कामशेतला पॅराग्लायडिंग करून आली. मी हौसेने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि अमळनेरपासून सुरतेपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू झाले. मोठ्या मामाने तर मलाच झाडलं. मग फोन आईकडे गेला, "बाई, आते उडानं वय से का तुनं?"

याच मामाने गेल्या चैत्रात तिला पायी वणीला वाजतगाजत धाडलं होतं. पाच-सहा दिवस, वर खान्देशातलं ऊन, खाली तापलेलं डांबर, मागून ट्रकचे हॉर्न. तळपायाला आलेले फोड सुईने टोचून, त्यात दोरा तसाच ठेवून ही बाई सप्तशृंगीचा गड चढली. तिचा बीपी किती, हे तेव्हा एकानेही विचारलं नाही. परत आल्यावर लोक पाया पडले. कामशेतला निदान गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं, हेल्मेट घातलं, पाठीशी पायलट बांधला.

धोक्याचं कुणाला काही पडलेलं नाही हो. देवाच्या नावाने जीव धोक्यात घातला की ती भक्ती; स्वतःच्या हौसेने घातला की म्हातारचळ. त्यात बाईमाणूस असली तर विचारूच नका.

डोळे झाकून टाळ्या वाजवा असंही मी म्हणत नाही. जपानचे युइचिरो मिउरा २०१३ मध्ये ८० व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचले, तेही हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या असताना. उतरताना इतके थकले की दुसऱ्या कॅम्पवरून हेलिकॉप्टरने आणावं लागलं. हे कुणी फारसं सांगत नाही. नेपाळचे मिन बहादूर शेरचन ७६ व्या वर्षी चढले होते. सर्वात जास्त वयात एव्हरेस्ट चढण्याचा विक्रम परत मिळवायला ८५ व्या वर्षी, २०१७ मध्ये पुन्हा गेले आणि बेस कॅम्पवरच वारले. म्हणून आईची आधी हाडांची तपासणी केली, डॉक्टरांना विचारलं. या वयात उडण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त. एक हाड मोडलं की सहा महिने खाटेवर.

उतरताना पाय वर धरायचे असतात. आईने घाईत एक खाली सोडला आणि धपकन बुडावर बसली. मांडीवर वांग्याएवढा जांभळा डाग आहे. मामाला सांगितलेलं नाही.

काल त्याचा पुन्हा फोन आला. आई भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न हलवता मला म्हणाली, "नवस होता म्हणून सांग त्याला."