मान मोडलेल्या कोंबडीला कॅप्सूल पाजू नका

मराठवाड्यातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: मानमोडी आली की टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाका, लसूण-हळदीचा रस पाजा, तीन दिवसांत कोंबडी उठते. गावठी कोंबडीला लस देऊ नका, लसच तिला मारते. आणि नाहीच उठली तर मरायच्या आत कापा, नाहीतर बाजारात काढा. ज्या घरात आठ-दहा कोंबड्यांच्या अंड्यांवर बाईचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो, तिथं हा सल्ला अख्खं खुराडं रिकामं करू शकतो. म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

"कॅप्सूलनं मानमोडी बरी होते." नाही होत. मानमोडी म्हणजे राणीखेत, विषाणूचा आजार. टेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालतं, विषाणूवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. मग काही कोंबड्या उठतात त्या कशा? एकतर आजार सौम्य असतो, नाहीतर तो राणीखेत नसतोच. बी-1 जीवनसत्त्व कमी पडलं तरी मान मागं वळते. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. जे लागतं त्याचा अंश अंड्यात उतरतो, ते अंडं लेकरांच्या ताटात जातं.

औषधाआधी विष्ठा बघा. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून घरघर, लुळा पाय किंवा पंख, मग मान वळणं, असं दिसलं तर राणीखेतचा संशय धरा. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर ती बहुधा रक्ती हगवण. हिला मात्र औषध आहे. अँप्रोलियमची 20 टक्क्यांची पावडर 1 लिटर पाण्यात 1.2 ग्रॅम, 5 दिवस. पुढं आठवडाभर लिटरला 0.3 ग्रॅम. पाणी रोज ताजं बनवा, दुसरं पाणी समोर ठेवू नका. या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अँप्रोलियम रक्ती हगवणीच्या जंतूला बी-1 मिळू न देऊनच काम करतं. वरून बी-1 दिलं की औषध फुकट. खुराड्यातला ओला भुसाही काढा, नाहीतर आजार पुन्हा येतो.

"लसूण-हळदीचा रस पाजा." दाण्यात थोडा लसूण गेला तर बिघडत नाही, पण त्यानं विषाणू मरत नाही. धोका आहे तो पाजण्याच्या पद्धतीत. कोंबडीची चोच उघडून बघा: जिभेच्या मुळाशी एक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. चमच्यानं ओतलेला रस थेट तिच्यात जातो, आणि आजारानं नव्हे तर फुप्फुसात पाणी जाऊन कोंबडी मरते. पाजायचंच असेल तर ड्रॉपरनं चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा, तिला गिळू द्या, मगच पुढचा.

"लसच मारते." हा समज हवेतून आलेला नाही, त्यामागं चुका आहेत. राणीखेतची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन आठवडे. शेजारी मर सुरू झाल्यावर टोचलं तर आधीच लागलेल्या कोंबड्या मरतात आणि नाव लशीचं होतं. दुसरी चूक क्रमाची. आर-2-बी ही जोरकस लस आहे. आधी लासोटा, म्हणजे राणीखेतचीच सौम्य लस, न मिळालेल्या लहान पिल्लाला ती टोचली तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब, पिल्लानं पापणी मिटेपर्यंत हातातच धरायचं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा. आठ ते दहा आठवड्यांच्या पक्ष्याला आर-2-बी, अर्धा मिली, पंखाखाली कातडीच्या आतल्या बाजूला. त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध.

तिसरी चूक उन्हाची. मे महिन्यात शर्टाच्या खिशातून आणलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा. कुपी शंभर मात्रांची असते म्हणून आठ कोंबड्यांसाठी कुणी आणत नाही. वाडी-तांड्यावरच्या दहा-बारा घरांनी मिळून एक कुपी आणावी आणि संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली गेल्यावर एकाच बैठकीत सगळ्यांना द्यावी. टोचायच्या त्या धडधाकटच हव्यात.

"मरायच्या आत कापा, नाहीतर बाजारात काढा." मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. आठवडी बाजारात नेलेली आजारी कोंबडी दहा गावांत रोग पोचवते. आणि अचानक पटापट मर लागली, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, तर ते राणीखेत की बर्ड फ्लू हे डोळ्यांनी सांगता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. बर्ड फ्लू आपल्यापासून लांब नाही. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांत, जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळ्यांत तो सापडला. अशा कोंबडीचं पीस काढणारा हात सगळ्यात आधी धोक्यात येतो, आणि ते काम घरची बाईच करते. कापू नका, 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एक-दोनच मेल्या असतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून उचला, विहीर-ओढ्यापासून लांब तीन फूट खड्ड्यात पुरा, वर चुना आणि माती घाला. उकिरड्यावर टाकली तर कुत्री ती गावभर ओढतात.

उरलेल्यांपैकी आजारी वेगळ्या ठेवा, सावलीत. ज्वारीचा भरडा भिजवून द्या, पाणी उथळ भांड्यात. दाणा-पाणी आधी धडधाकट कोंबड्यांचं, मग आजारींचं. उलट्या क्रमानं गेलात तर रोग तुमच्याच चपलेनं पलीकडच्या खुराड्यात जाईल.