तुरळक म्हणजे किती?

चैत्रातली दुपार, चार वाजायला आलेले. मारुती चौकातल्या कट्ट्यावर तात्या बसायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झाले.

"हवामान खातं म्हणजे पंचांगाचा धाकटा भाऊ! राजस्थानात लू, आसामात धो धो, विदर्भात गारा, अन् सांगलीला पिवळा इशारा. काल पिवळा, आज पिवळा. थेंब कुठाय?"

मोबाईल हातभर लांब धरायचा आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं वाचायचं, ही तात्यांची वाचनपद्धती.

"नकाशाखालची ओळ वाचा," बापू म्हणाले.

"मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस."

"तुरळक म्हणजे?"

"थोडा. चार शिंतोडे."

"हितंच घसरता. तुरळक हे जागेचं माप हाय, पावसाचं न्हवं. पाऊस मोजायच्या शंभरातल्या २५ केंद्रांपर्यंत पडला तर तुरळक ठिकाणी. ५० पर्यंत काही ठिकाणी, ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी. अन् मध्य महाराष्ट्र म्हणजे तुमची गल्ली न्हवं. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे. नाशकात पडला तरी अंदाज खराच."

"म्हणजे कुठं बी पडला तरी तेच बरोबर!" तात्या. हा मुद्दा खरं तर वाईट नव्हता, पण तात्यांचा असल्यामुळं कुणी मनावर घेतला नाही.

"म्हणून देशाचा नकाशा सोडा, जिल्ह्याचा बघा. दुपारनंतर तर तीन तासांचा इशारा बघा. वळवाचा ढग दोननंतर उभा राहतो, आठवडाभर आधी त्याचं गाव कोण सांगणार? अन् पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हला. रंग नुसत्या मिलिमीटरवर नसतो; नुकसान किती अन् खात्री किती, दोन्ही धरून देतात."

"आकड्यावर असतं ते काय मग?" सुभाषनं विचारलं. त्याच्या बेदाण्याच्या शेडवर अजून माल होता, त्यामुळं तो एकटाच नीट ऐकत होता.

"चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार. मोजणी सकाळी साडेआठला. लू, म्हणजे उष्णतेची लाट, पण तशीच: सपाटीवर पारा ४० किंवा वर पायजे, अन् सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त. सोलापुरात एप्रिलला ४१ झालं तर ती लाट न्हवं, तो सोलापूरचा स्वभाव हाय. पण तुला ६४ कशाला लागतंय? अर्ध्या तासाची सर बास."

"तेच. कालच रॅकवर टाकलाय."

"मग पहिले चार-पाच दिवस जीव तिथं ठेव. डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून टाकलेला मणी ओला असतो. भिजला की काळा पडतो, बुरशी धरतो, सौद्यात दर गेला. वारा येतोय ती बाजू आधी झाक. अन् पाऊस उघडला की पडदे लगेच वर. रातभर बंद ठेवलंस तर दमट हवा आतच कोंडते, पावसानं सोडलेलं बुरशी खाते. वीज कडाडायला लागली तर मात्र पत्र्याखाली पळायचं न्हाई. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप बघ, अन् पक्क्या घरात बस."

"झाकू कशानं? माझी मोठी ताडपत्री तात्यांनी गणपतीत मांडवाला नेलीया!"

"मंडळाकडं असंल," तात्या एकदम हळू आवाजात.

"मांडव कवाच उतरला!"

"जरा... घरी गच्चीवर अंथरलीय. कुरडया घातल्यात."

क्षणभर शांतता. मग बापू म्हणाले, "तात्या, किती ठिकाणी घातल्यात? तुरळक, का बऱ्याच?"

चहावाल्यासकट सगळे खिदळत असताना तात्या उठून बाजूला गेले, पाठ फिरवून फोन लावला. आवाज मात्र नेहमीचाच, चौकभर.

"अगं, वर जा आधी. कुरडया आत घे. व्हय, व्हय, पिवळा हाय!"

"अन् ताडपत्री गुंडाळून ठेवा, वैनी!" सुभाष कट्ट्यावरूनच ओरडला.