‘चुकीची माहिती देतात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

समुद्रकाठच्या आमच्या घरगुती खोल्यांत राहून गेल्यावर तुम्ही लिहिलेला अभिप्राय वाचला. मुलांना खडकांच्या डबक्यांतले खेकडे बघायला मिळाले नाहीत, सुट्टीतली एक सकाळ फुकट गेली, याचं आम्हालाही वाईट वाटलं. तुमच्या सगळ्या कुटुंबाची मनापासून क्षमा मागतो.

पण तुम्ही लिहिलंय, ‘ओहोटीची वेळ चुकीची सांगितली, या लोकांना स्वतःच्या समुद्राचीच माहिती नाही.’ खोलीला, चहाला नावं ठेवली असती तर ऐकून घेतलं असतं. हे मात्र फार लागलं.

शनिवारी तुमच्या हातात दिलेल्या चिठ्ठीवर ‘रविवार, ओहोटी सकाळी 7.30’ असं लिहिलं होतं. वाराखाली रेघही मारली होती. रविवारी तुम्ही प्रवासाने दमला होतात, उठायला उशीर झाला, साहजिक आहे. पण तीच चिठ्ठी घेऊन तुम्ही बुधवारी साडेसातला गेलात. ताई, ओहोटी घड्याळ पाहून येत नाही, ती चंद्रामागे चालते. पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईतो चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते. तीन दिवसांत अडीच तास झाले. बुधवारची ओहोटी दहाच्या सुमाराला होती. साडेसातला पाणी अजून उतरतच होतं, खडक दिसणार कुठून? त्यात रविवार पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, उधाणाचा, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचा. उधाणात पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली ओसरतं. बुधवारपर्यंत उधाण उतरून भांगाकडे, म्हणजे लहान भरती-ओहोटीकडे, कल लागला होता, तेव्हा पाणी तितकं मागे हटतही नाही. आणि मंगळवारी रात्री जेवताना तुमच्या मिस्टरांना आम्ही ‘उद्या दहाला जा’ असं सांगितलंही होतं. ते अभिप्रायात कुठेच नाही.

दुसरं, आम्ही ‘सगळ्यांसमोर ओरडलो’ याबद्दल. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा सपाट, शांत दिसत होता, म्हणून मिस्टर मुलाला घेऊन तिथेच उतरले. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायला जी वाट धरतं ती नेमकी तीच असते. नीट पाहिलं तर फेस आणि ढवळलेली वाळू त्या वाटेने आत ओढली जाताना दिसते. पट्टीचा पोहणाराही तिथे सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिला तर दमून जातो. सापडलंच कोणी, तर ओढीशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. एवढं समजावत बसायला तेव्हा वेळ नव्हता, मूल कमरेएवढ्या पाण्यात होतं. आवाज चढला तो त्यामुळे, आणि पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा चढेल.

खोलीतल्या कुबट वासाचं म्हणाल, तर एसी चालू आणि गॅलरीचं दार उघडं ठेवलं की बाहेरची दमट हवा गार भिंतींवर पाणी होऊन बसते. त्यात ओले टॉवेल खुर्चीवर. तरी पडद्यांचं बघतो आहोत. दुपारी सगळं सुनसान असतं, ही तक्रार मात्र कळली नाही. डोक्यावर ऊन असताना इथे कोणी बाहेर पडत नाही, कामं सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर. गाव शांत आहे, हे आमच्या जाहिरातीत पहिल्याच ओळीत आहे.

तुमच्यामुळे एक गोष्ट करतो आहोत. चिठ्ठीऐवजी पूर्ण आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा तारखेसकट प्रत्येक खोलीत दारामागे लावणार आहोत. बाकीच्याही काही सुधारणा मनात आहेत, जमतील तशा करू.

आमचं घर या मोजक्या खोल्यांवर चालतं, आणि येणारी माणसं आधी अभिप्रायांत दिलेले तारे बघतात. वासासाठी तारे कापा, आमच्या बोलण्यासाठी कापा, पण ‘चुकीची माहिती’ हे दोन शब्द काढता आले तर जरूर बघा. परत यायचं ठरलं तर तारीख पक्की करण्याआधी एक फोन करा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस खडकांसाठी सगळ्यात चांगले. त्या दिवसांतली खोली ठेवू, आणि सकाळी दार वाजवून उठवायलाही येऊ.