अन्य सूचना

माझं अक्षर चांगलं आहे. हा गुन्हा शाळेत असताना घडला, शिक्षा आत्ता भोगते आहे. टाकी धुणार असल्याची नोटीस, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब, गच्चीवर पापड वाळत घालून विसरणाऱ्यांना समज, आमच्या सोसायटीत जे जे हाताने लिहायचं ते गेली अकरा वर्षं माझ्या दारात येतं. त्यामुळे पुनर्विकासाच्या सभेत सल्लागार म्हणाले, "सभासदांची मतं लेखी घ्या," तेव्हा सेक्रेटरींनी कोणाकडेही न बघता "दहा नंबरच्या वहिनी घेतील" असं जाहीर करून टाकलं. मी त्या वेळी चहाचे कप मोजत होते. मान वर केली तोवर टाळ्या वाजून झाल्या होत्या.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवरून आत वळलं की. १९७८ सालची. तळमजला आणि वर तीन, घरं सोळा, लिफ्ट नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, ते आमचं गेल्या वर्षी झालं. या परीक्षेचा निकाल सी-वन, सी-टू-ए, सी-टू-बी, सी-थ्री असा लागतो. सी-वन म्हणजे धोकादायक, रिकामी करा आणि पाडा. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. जन्मभर पोरांना पहिल्या नंबरासाठी धारेवर धरलेली माणसं इमारत साफ नापास व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसली होती. लागलं सी-टू-बी. मोठी दुरुस्ती करा, घर सोडायची गरज नाही. जिन्यात सुतक पसरलं. पंधरा नंबरचे आप्पा दोन दिवस एकच बोलत होते, "त्या इंजिनिअरला माझ्या बाथरूमचा स्लॅब दाखवा म्हटलं होतं. तुम्ही त्याला हॉलमध्ये बसवून पोहे दिलेत."

तीस वर्षं उलटलेल्या सोसायटीला स्वखुशीनेही पुनर्विकास करता येतो, असं सहा नंबरच्या नानांनी नियमासकट सांगितलं, तेव्हा कुठे सुतक फिटलं.

तर फॉर्म. त्यात चार प्रश्न होते: जादा जागा किती हवी, कॉर्पस (बिल्डरकडून सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम) किती हवा, बांधकाम होईपर्यंतचं भाडं किती हवं, मजला कुठला हवा. आणि तळाशी दोन रेघा मारून 'अन्य सूचना'. पहिल्या चार प्रश्नांना सोळा घरांत मिळून एकच उत्तर आलं, "जास्तीत जास्त." मजल्याच्या बाबतीत "वरचा, पण फार वर नको." एवढं कामच अर्ध्या तासाचं होतं. मला तीन आठवडे लागले ते त्या दोन रेघांमुळे.

नानांकडे आधी गेले, हीच चूक. नाना सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत असं फक्त पेन्शनवाले समजतात. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "कार्पेट लिहिलंय. कुठलं कार्पेट?"

"म्हणजे?"

"मोफा कार्पेट की रेरा कार्पेट?" मला वाटलं दोन गालिच्यांपैकी एक निवडायचा आहे. नानांनी समजावलं. १९६३ च्या मोफा कायद्याच्या हिशेबात भिंतीपासून भिंतीपर्यंत पाय ठेवायला मिळते ती जागा. नंतरच्या रेरा कायद्यात घराच्या आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्ये धरतात. "म्हणजे तो मला भिंत विकणार. भिंतीत राहू का मी? अनारकली आहे का?"

मग म्हणाले, मुळात आत्ता आपल्याकडे किती आहे ते तरी मोजू. करारात ४२५ चौरस फूट आहे. त्यांनी कपाटातून पोलादी टेप काढला, टोक माझ्या हातात दिलं आणि मला कोपऱ्यात उभं केलं. मी टेप धरून कपाट आणि भिंत यांच्या फटीत शिरले. तिथे १९९६ सालचं एक पोस्टकार्ड, दोन गोट्या आणि नानींची हरवलेली कानातली फिरकी सापडली. फिरकी बघून नानी आतून धावत आल्या. हिच्यावरून त्यांनी एका मोलकरणीला कामावरून काढलं होतं, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग नाना म्हणाले, "टोक घट्ट धरा."

४११ भरले. पुन्हा मोजले, ४११. "चौदा फूट कुठे गेले?" नाना टेप हातात घेऊन घराच्या मधोमध उभे राहिले. मी म्हटलं, सत्तेचाळीस वर्षांचं प्लास्टर, त्यावर दर दिवाळीला रंगाचा हात, भिंती अंगाने भरल्या असतील. विनोद म्हणून बोलले होते. नानांनी तो 'अन्य सूचना'मध्ये लिहायला लावला.

दुसऱ्या दिवशी पोलादी टेपची बातमी पसरली आणि सगळ्यांना आपापलं घर मोजून हवं झालं. मी टेपचं दुसरं टोक झाले.

सात नंबरकडे मात्र मोजमाप नव्हतं. दार अर्धवट उघडून ते म्हणाले, "लिहा. विरोध."

"कशाला?"

"ते नंतर ठरवू. आधी विरोध लिहून ठेवा."

पंधरा नंबरचे आप्पा तिसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघे गेलेत. भाजीची पिशवी दोरीने वर ओढून घेतात, आणि दोरी सोडली की खालून जाणाऱ्याने त्यात चिठ्ठी, पेपर, कोथिंबीर जे असेल ते टाकायचं असा रिवाज आहे. त्यांचं एकच मागणं असेल या विश्वासाने मी 'लिफ्ट' असं आधीच लिहून नेलं होतं. आप्पा म्हणाले, "लिफ्ट हवीच. दोन हव्यात. आणि मला घर तिसऱ्या मजल्यावरच द्या." का? "लिफ्ट बंद पडली तर?" शिवाय दोरी तिसऱ्या मजल्याइतकीच आहे.

बिल्डरच्या माणसाने मात्र सगळ्यांना चौदावा मजला दाखवला होता, छापील चित्रात. पूर्वेच्या खिडकीतून खाडी आणि खाडीत फ्लेमिंगो. २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून इकडच्या प्रत्येक चित्रात ते एका पायावर उभे असतात. त्याच खिडकीतून मुलुंडचं डम्पिंग ग्राउंडही दिसायला हवं, कारण ते २०१८ साली बंद झालं असलं तरी डोंगर काही उठून गेलेला नाही. चित्रात त्या जागी नारळाची झाडं होती. अकरा नंबरच्या वहिनी माहेरच्या नागपूरच्या, त्यांना रंग आवडला. "गुलाबी आहे बा," म्हणाल्या. त्यांची सूचना ओट्याची. आमच्या इमारतीतले सगळे ओटे १९७८ सालच्या कोण्या उंच माणसाच्या मापाने बांधलेत. वहिनी तेवीस वर्षं पाटावर उभं राहून पोळ्या करतात. "बाकी काय द्यायचं ते द्या, पण मला पाटावरून उतरवा." सोळा फॉर्मांतली सगळ्यात सरळ सूचना हीच, आणि सल्लागारांनी लाल पेनने गोल केला तो हिलाच. म्हणाले, ओटे सगळ्यांचे सारखे असतात.

चौदा नंबरचे मालक एकोणीस वर्षं न्यू जर्सीत आहेत. त्यांचं मत पहाटे तीनला फोनवर आलं, नऊ पानी. गाड्या चार्ज करायची सोय, छतावर सौर पॅनेल, व्यायामशाळा, आणि 'सोसायटीचा मराठमोळा चेहरा जपला जावा'. त्यांच्या घरात भाड्याने राहणारा मुलगा सकाळी फॉर्म बघून म्हणाला, "मावशी, मी पण भरू?" भाडेकरूला मत नसतं. तो म्हणाला, तरी सांगतो, मागच्या बाजूला गटाराचं झाकण तुटलंय, पावसाळ्याच्या आत बसवा, आणि नवीन बिल्डिंगमध्ये मीटरची खोली जमिनीपासून वर घ्या, मागच्या जुलैत पाणी तिथपर्यंत आलं होतं. पुनर्विकासाबद्दल त्याने विचारलं ते एवढंच, घर सोडायला किती दिवस आधी सांगाल. मी कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. तो कागद कुठल्या फाइलला लावायचा हे अजून ठरलेलं नाही.

भाड्याचा विषय निघाला की मात्र सगळ्या घरांत एकच सूर. आजूबाजूच्या दहा इमारती एकदम पाडायला घेतल्यावर ती सगळी माणसं भाड्याची घरं शोधत त्याच चार गल्ल्यांत फिरतात, आणि भाडं फिरणाऱ्यांकडे बघून वाढतं. मग ठाण्यात जा, तिकडे स्वस्त पडेल, असं मी बारा नंबरच्या भाईंना सुचवलं. भाई जन्माने कच्छी, पण मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. "नाक्याच्या पलीकडे?" म्हणाले. जकात २०१७ साली जीएसटी आला तशी गेली, पण मुलुंडकराच्या मनातला जकात नाका अजून उभा आहे. त्याच्या पलीकडे राहायला जाणं म्हणजे देशांतर. आमच्या ह्यांचं ऑफिसच ठाण्यात आहे. तेसुद्धा म्हणाले, "जायला हरकत नाही, राहायला नको."

मधे एका रविवारी स्वयंपुनर्विकासाची लाट आली. बिल्डर हवाच कशाला, आपली जमीन, आपणच बांधू, नफा आपला. नानांनी १३ सप्टेंबर २०१९ चा शासन निर्णय वाचून दाखवला. जिन्यात उभ्याउभ्या बारा जणांचं एकमत झालं. मग कोणीतरी विचारलं, "ठेकेदाराच्या मागे रोज कोण लागणार?" सगळ्यांनी फोन बाहेर काढले. एकाचा दूधवाला आला. लाट ओसरली.

शेवटी उरल्या एक नंबरच्या आजी. तळमजल्याला मागे चार बाय सहाचा तुकडा आहे, कागदोपत्री सोसायटीचा, व्यवहारात आजींचा. तिथे तुळस, एक कर्दळ आणि कढीपत्त्याचं झाड. झाड आता पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलंय. सोळाच्या सोळा घरांची फोडणी त्याच्यावर आहे. सकाळी साडेआठला आजींच्या मागच्या दाराशी आमटीच्या वेळेची रांग असते. आजी स्वतः तोडून देतात, कोणाला दोन काड्या, कोणाला तीन, ते त्या आठवड्यातल्या तुमच्या वागणुकीवर. सात नंबरला एकच.

आजींनी फॉर्म हातात घेतला नाही. "वाच," म्हणाल्या. मी वाचला. जादा जागा, कॉर्पस, भाडं, मजला.

"हा कितव्या मजल्यावर येणार?" त्यांनी मागे बोट दाखवलं.

"आजी, झाड कसं येईल मजल्यावर. कुंडीत लावू."

"मुळं बघितलीस का तू त्याची?" एवढं बोलून त्या निवडत बसल्या. मी 'अन्य सूचना'मध्ये एक शब्द लिहिला, कढीपत्ता, आणि सगळे कागद सल्लागारांना दिले.

सभा भरली ती गच्चीवर. अशा सभेला दोन तृतीयांश हजेरी लागते. सोळांचे दोन तृतीयांश म्हणजे दहा पूर्णांक दोन तृतीयांश. दहा आले होते. दोन तृतीयांश माणूस आणायचा कुठून, म्हणून चौघांनी आजींना खुर्चीसकट चार मजले चढवून आणलं. सभेचं चित्रीकरण करावं लागतं हे सगळ्यांना माहीत असल्याने नानी पैठणी नेसून आल्या होत्या. फिरकी घातलेली होती.

सल्लागारांनी गठ्ठा उचलला आणि घर क्रमांकाप्रमाणे वाचायला घेतलं. "क्रमांक एक. अन्य सूचना. कढीपत्ता." त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"तो तोडावा लागेल," सल्लागार म्हणाले. "तिथे पार्किंगचा खड्डा येतो."

गच्चीवर शांतता झाली. कॉर्पसवर दीड वर्षं एकमेकांचे गळे धरलेली दहा माणसं एकदम एका बाजूला झाली. अकरावं माणूस खुर्चीत होतं. नाना उठले, काही न बोलता खाली गेले आणि पाच मिनिटांनी पोलादी टेप गुंडाळत वर आले.

"बुंधा मोजला. कायद्याने हे झाड आहे. १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा. महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येणार नाही, हलवताही येणार नाही."

"आणि आपल्याला हलवायला?" आप्पांनी विचारलं.

"आपल्याला ५१ टक्के पुरेत. आधी तीन चतुर्थांश लागायचे, ४ जुलै २०१९ पासून ५१."

आप्पांनी बोटं मोजली. सोळांचे ५१ टक्के म्हणजे आठ माणसं आणि नवव्याचा एक हात. त्यांनी खाली वाकून झाडाकडे जरा आदराने पाहिलं.

ठराव लगेच मांडला गेला: नवीन नकाशात झाड आहे तिथेच राहील, खड्डा सरकवावा. सूचक आप्पा, अनुमोदक बारा नंबरचे भाई. सात नंबरने हात वर केला, सगळ्यांच्या पोटात गोळा आला, पण त्यांना पाणी हवं होतं. आमच्या सोसायटीच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव. सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही माझ्यापुढे सरकवली. मी सुवाच्य अक्षरात लिहायला लागले, "सर्वानुमते असे ठरले की, सोसायटीच्या आवारातील कढीपत्त्याचे झाड..."

"कढीपत्ता म्हणजे पान," नाना म्हणाले. "झाडाला कढीलिंब म्हणतात. उद्या कोर्टात गेलो तर फक्त पानं वाचतील."

"आमच्याकडे गोडलिंब म्हणतात," अकरा नंबरच्या वहिनी म्हणाल्या.

"इथे मुलुंडात कोण गोडलिंब म्हणतं?"

"मी म्हणते ना. तेवीस वर्षांपासून."

बारा नंबरचे भाई म्हणाले, त्यांच्या घरात वेगळाच शब्द आहे, तो सांगू का. कॅमेरावाल्याने बॅटरी बदलली. सल्लागारांनी घड्याळ बघितलं आणि बिल्डरचा प्रस्ताव पुढच्या सभेला घेऊ म्हणाले. तेवढ्यात सात नंबरचे उभे राहिले, पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "लिहा. विरोध."

"कशाला?"

"कढीलिंबाला. कढीपत्ता ठेवा."

मी वहीत जागा कोरी सोडली आहे, दोन बोटं. मतदान येत्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजता, गच्चीवर. नोटीस मीच लिहिली.