पुन्हा गिअरबॉक्स खाली!
अहो गॅरेजवाले, क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवलाच होता ना, मग तिथेच आत बसणारं, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग तेव्हाच का नाही बदललं? बेअरिंग स्वस्त, पण त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा तीच मजुरी! जुनी छोटी गाडी दिसली की हेच, गॅरेज बदललं तरी हेच. अंधेरी ते सायन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी क्लच खाणारच, मान्य. पावसाळी खड्ड्यांत सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश जाणार, तेही मान्य. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५००० झाली, तीही भरू. पण काढलेला पार्ट दाखवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "फेकला साहेब." का फेकला? न विचारता? पैसे मी मोजतोय, पार्ट माझ्या गाडीचा आहे, मला तो दिसलाच पाहिजे!