खुलासा : गंजावर थेट डांबरी कोटिंग मारू नका
"पावसाआधी गाडीच्या बुडाला गंजावरच डांबरी कोटिंग मारा, गंज जागीच मरतो" असा मेसेज बेळगाव-खानापूर भागात फिरतोय. तो चुकीचा आहे. गेल्या वर्षी मी तसंच केलं होतं. यंदा गाडी रॅम्पवर चढवून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर काळ्या थराखालून ओला, लाल पापुद्रा सुटला आणि टोक आरपार गेलं. कोटिंगखाली ओल अडकते, गंज आतून पत्रा खातच राहतो. आधी तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं, मग इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट चिकटून ओल अडवणारा पहिला थर), तो वाळल्यावर कोटिंग. दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका. चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) भोक पडलं असेल तर पुट्टी नको, नवा पत्रा वेल्डिंगच करून घ्या. जिवाशी खेळ नको. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.