ळ कुणी काढायचा?

परवा परत तेच! रावेरच्या एका केळीवाल्याच्या खोक्यासाठी नवा ठसठशीत डिस्प्ले फॉन्ट, म्हणजे मोठ्या मथळ्यांचा, विकत घेतला. नमुन्यात ‘रंग’, ‘नमस्ते’ काय देखणं दिसत होतं! मी ‘केळी’ टाईप केलं आणि डोकंच फिरलं. बाकी अक्षरं भरदार, गोलमटोल. ळ मात्र दबलेला, दोन्ही वाटोळी बुजलेली, घाईत उरकलेला. अहो, जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, पारोळा... ळशिवाय खान्देशात पाटी तरी रंगते का? हिंदीत लागत नाही म्हणून तो शेवटी ढकलायचा?

मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ फॉन्ट बघा. इतका लठ्ठ, की आतल्या पोकळीची नुसती रेघ उरते, तरी वाचता येतो. म्हणजे मन लावलं तर जमतं!

ल आणि श हिंदी वळणाचे, तेही चालवून घ्यायचं. ‘वऱ्हाडी’ लिहिलं की ‘ऱ्ह’मधला अर्धा र फुटतो. ॲ २००८ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत, आहे, तरी त्याजागी चौकोन उमटतो.

शेवटी रात्री अकरा वाजता अक्षराच्या कडेवरचा एकेक नोड, म्हणजे बिंदू, ओढत ळ मीच काढला. फॉन्टचे पूर्ण पैसे भरून.